काकांची लाल गोळी

परवा रविवारी नेहमीप्रमाणे साताऱ्याला काकांना फोन लावला. तीन महिन्यांपूर्वी त्यांना टीबी निघाला होता. आवाज खणखणीत. म्हणाले, "अरे, खोकला गेला, वजन वाढलं. लघवी लाल होते म्हणून ती लाल गोळी मीच बंद केली. दुसरी घेतोय की!"

इकडे माझ्या हातातला चहा गार झाला.

लाल गोळी म्हणजे रिफॅम्पिसिन. लघवीचा रंग तिच्यामुळेच बदलतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते गोळी सोडण्याला! मी इंजिनियर माणूस, हिशेबाने सांगतो. टीबीच्या साधारण दहा लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला मुळातच दाद देत नाही, रिफॅम्पिसिनला दहा कोटींत एखादा. फुप्फुसातल्या एका पोकळीतच दहा कोटी जंतू असू शकतात. म्हणजे नुसतं आयसोनियाझिड दिलं तर शंभरेक जंतू वाचणार आणि पुढे त्यांचंच राज्य. दोन्हींना पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्यं इतक्यांत एखादा! विमानाला दोन इंजिनं असतात ती याच हिशेबाने.

हा धडा जग महागात शिकलंय. 1948 साली ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीचे निकाल छापून आले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 55 पैकी 4 दगावले, नुसती विश्रांती घेणाऱ्या 52 पैकी 14. केवढा आनंद! पण पाच वर्षांनी आकडे होते 32 आणि 35. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. मग जोडीला पास नावाचं औषध दिलं, तेव्हा कुठे जंतूंना आळा बसला.

याचा अर्थ 'जितकी जास्त तितकी बरी' असा मुळीच नाही. पेनिसिलिन वाढत्या जंतूंची भिंत पाडतं, टेट्रासायक्लिन त्यांची वाढच थांबवतं. 1951 साली न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात टेट्रासायक्लिनच्याच कुळातलं एक औषध पेनिसिलिनबरोबर दिलं, तर नुसत्या पेनिसिलिनपेक्षा जास्त रुग्ण दगावले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की औषधांची जोडी जमवणं आणि मोडणं दोन्ही डॉक्टरांवर सोडावं. आपल्याकडे दोन्ही कामं घरातच होतात!

असो. काका म्हणाले, "तू कधीपासून डॉक्टर झालास?" म्हटलं, "नाही झालो, पण गुणाकार येतो." उद्या चुलतभाऊ त्यांना डॉक्टरांकडे नेतोय. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि खरं काय ते सांगायची तयारी, दोन्ही घेऊन जा म्हणालोय.