पाड्यावर मुक्काम नसलेली नर्सिंगची पदवी

मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक. परिचर्या अभ्यासमंडळाचे सर्व सदस्य. आणि वैद्यकीय शिक्षण विभागाचे मा. सचिव यांस,



१९९८ साली हे विद्यापीठ झालं, त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. शहादा ओलांडून रस्ता सातपुड्यात चढू लागला की धडगाव, मोलगी, तोरणमाळ आणि नर्मदाकाठचे पाडे येतात. काही ठिकाणी आरोग्य पथक बोटीनं पोचतं, काही ठिकाणी बाळंतीण बांबूच्या झोळीतून खाली येते. या भागातल्या माणसाला डॉक्टर क्वचित दिसतो, सिस्टर मात्र दिसते. त्याच्यापुरतं सरकारी आरोग्य म्हणजे उपकेंद्रातली आरोग्य सेविका. म्हणून हे पत्र मेडिकलच्या जागांबद्दल नाही, त्यावर बोलायला पुष्कळ लोक आहेत. हे नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल आहे.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सत्र पद्धत आली, आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आली. चांगलं झालं. त्या २२ पैकी सामुदायिक आरोग्याच्या वाट्याला ४ आठवडे येतात आणि प्रसूतिशास्त्राच्या वाट्याला ४. सामुदायिक आरोग्याचे आठवडे प्रत्यक्षात कसे जातात, ते आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थी म्हणून आणि नंतर शिक्षक म्हणून पाहिलं असेल. सकाळी कॉलेजची बस निघते, शहराजवळच्या, रस्त्याला लागून असलेल्या गावात थांबते. घरं वाटून घेतली जातात, सर्व्हेचे फॉर्म भरले जातात, शाळेत हात धुण्यावर एक रोल प्ले होतो, फोटो निघतात आणि जेवणाच्या आत बस परत. फॅमिली केअर स्टडीची वही सुबक असते. वही तपासली जाते, गाव तपासलं जात नाही.

‘बॅग टेक्निक’चंच घ्या. ओसरीत स्वच्छ जागा बघून वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर कम्युनिटी बॅग ठेवायची, बाहेरच्या कप्प्यातून साबण, नेलब्रश आणि टॉवेल काढायचा, हात धुवायचे, एप्रन चढवायचा आणि मगच आतला कप्पा उघडायचा. क्रम चुकला की मार्क गेले. पाड्यावर वर्तमानपत्र येत नाही. पाणी बाईनं डोंगराखालच्या झऱ्यावरून हंड्यानं वर आणलेलं असतं आणि तेच संध्याकाळच्या स्वयंपाकाचंही असतं. त्यातलं किती आपल्या हातावर ओतायला सांगायचं? चेकलिस्टमध्ये याचं उत्तर नाही. चार दिवस तिथं राहिलेली मुलगी मात्र निघतानाच स्वतःचं पाणी सोबत घेते, आणि हात धुतल्याशिवाय बाळाला शिवतही नाही. निर्जंतुकपणाचा नियम तिनं मोडलेला नसतो, उलट तो तिला खऱ्या अर्थानं कळलेला असतो.

प्रसूतीची अंदाजे तारीख काढायचंही तसंच. शेवटच्या पाळीची तारीख घ्या, नऊ महिने सात दिवस मिळवा, हे प्रत्येकीला पाठ असतं. तारीख सांगणारं कुणी असेल तर हिशेब सोपा आहे. इथली पावरा किंवा भिल्ल बाई सांगते ते सणावरून आणि बाजारावरून: भोंगऱ्याच्या आधी, होळीनंतर. भोंगऱ्याचे बाजार होळीआधीच्या दिवसांत भरतात आणि गावोगावचा वार वेगळा असतो. कुठल्या गावचा बाजार, हे विचारायचं भान नसेल तर कार्डावरची तारीख काही दिवसांनी चुकते. कळा सुरू झाल्यावर गाडी बोलावून ती पोचायला अर्धा दिवस लागतो अशा ठिकाणी, बाईला आधीच ग्रामीण रुग्णालयात आणून ठेवायचं की नाही, हे त्याच तारखेवर ठरतं. पावरी आणि भिलीतले कामापुरते शंभरेक शब्द हा अभ्यासक्रमाचा भाग का नसावा? केरळच्या सिस्टर जर्मनीला जाण्याआधी जर्मन शिकतात, त्याचं आपण कौतुक करतो.

आता मूळ मागणी. सामुदायिक आरोग्याचे ४ आणि प्रसूतीचे ४ असे आठ आठवडे सलग जोडा, आणि ते दुर्गम तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मुक्कामी राहून पूर्ण करायला लावा. तास तेच राहतील, विषय तेच राहतील, भारतीय परिचर्या परिषदेच्या वेळापत्रकातला एक आठवडाही कमी-जास्त करावा लागणार नाही. बदलायची आहे ती फक्त जागा. मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न लगेच पुढे येईल आणि तो खरा आहे. गळक्या क्वार्टरमध्ये एकटी मुलगी कुणीच ठेवू नये. गटानं ठेवा, राहण्याची आणि जेवणाची सोय आधी करा, त्यासाठी जिल्हा परिषदेशी लेखी करार करा. शिकवण्याच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षं उपकेंद्र सांभाळलेल्या आरोग्य सेविकेला मानद शिक्षिका नेमा, मानधन द्या आणि तिच्या सहीला लॉगबुकात जागा द्या. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट, कमी वजनाच्या बाळाला छातीशी धरून ऊब देणं, ताप मलेरियाचा आहे का ते पाहणं, हे तिच्याइतकं हातानं कुणी केलेलं नाही. तिच्याकडे पदवी नाही म्हणून ती शिकवू शकत नाही, असं मानण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

पदवी नसलेली माणसं हे काम नीट करू शकतात, हे गडचिरोलीत दिसून आलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं फार न शिकलेल्या गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आशा सेविकांच्या नवजात गृहभेटी पुढे त्याच कामावर उभ्या राहिल्या.

त्याला लागूनच प्रवेशाचा प्रश्न येतो, आणि इथं जबाबदारी एकट्या विद्यापीठाची नाही. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला विज्ञान लागतं. अनेक आश्रमशाळांत अकरावी-बारावी असलीच तर कला शाखेची असते. त्यामुळे पाड्यावरची हुशार मुलगी आरोग्य सेविकेच्या एएनएम अभ्यासक्रमाला जाते, आणि ती परीक्षा नर्सिंगच्या राज्य मंडळाची, तुमची नाही. एएनएमवरून जीएनएम पदविका आणि तिथून पोस्ट बेसिक बी.एस्सी. अशी शिडी कागदावर आहे. पण प्रत्येक पायरीला नोकरी सोडा, जिल्हा सोडा, फी भरा. दोन मुलांची आई असलेली सेविका ती चढणार कशी? मंडळ आणि विद्यापीठ एकत्र बसून सेवेत असलेल्या सेविकांसाठी जिल्ह्यातच, पगार चालू ठेवून, काही राखीव जागा देऊ शकतात. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्या, शिक्षणसंस्था मोठ्या शहरांबाहेर काढा, शिकतानाच त्यांना ग्रामीण भागात काम करू द्या, असं जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगते आहे. २०२१ मध्ये तिनं ते पुन्हा सांगितलं. आपल्याकडे २०२३ साली केंद्रानं १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, प्रत्येकी १० कोटींची. ती उभी राहायची आहेत मेडिकल कॉलेजांना जोडून, म्हणजे पुन्हा शहरांतच. इमारत तिथं असायला हरकत नाही, मुली मात्र तिथंच अडकून पडू नयेत.

शहरातल्या खासगी रुग्णालयात किंवा परदेशात नोकरी धरणाऱ्या मुलींना मी दोष देत नाही. कंत्राटी पगारावर घाटात राहा, असं सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि बाँड घालून कुणी टिकतंही नाही. डोंगरातलीच मुलगी डोंगरात टिकेल, आणि तिला तिथंच पदवीपर्यंत जाता आलं तर अधिक टिकेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आठ आठवडे कुठले निवडायचे, ते नाशिकला बसून ठरवू नका. दिवाळीनंतर इथली कुटुंबंच्या कुटुंबं कामासाठी गुजरातेत उतरतात. त्या दिवसांत पाठवलंत तर विद्यार्थिनी बंद दारं मोजून परततील आणि वही तरीही सुबक भरेल. होळी झाली, माणसं घरी आली, की पाठवा. आणि त्यांच्यासोबत पाठ्यनिर्देशिकेलाही मुक्कामाला पाठवा.

कळावे,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका