दवाखान्यांत बाहुली हवी

"रडूं नको, नाहीं तर डॉक्टर सुई टोचतील," ही धमकी आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. पुढें तेंच मूल खरोखर आजारी पडलें म्हणजे आपण त्यास सांगतों, "डॉक्टर कांहीं करणार नाहींत." या दुहेरी लबाडीचें प्रायश्चित्त मात्र मुलास भोगावें लागतें.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पांचव्या, दहाव्या व सोळाव्या वर्षीं लस टोचून घ्यावी लागते, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. इंदापूर तालुक्यांतील खेड्यांतून दुखणाईत मुलें बारामतीस आणतात. तेथें २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऊसतोडीच्या हंगामांत परजिल्ह्यांतून आलेल्या मजुरांच्या मुलांस तर गांवही परका आणि दवाखानाही परका. एकदां धसका घेतलेलें मूल पुन्हां दवाखान्याची पायरी चढत नाहीं, आणि आईबापही "उद्यां पाहूं" म्हणून दुखणें अंगावर काढूं देतात.

याचा उपाय खेळांत आहे. १९५५ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलँड येथील रुग्णालयांत एमा प्लँक या विदुषींनीं आजारी मुलांच्या खेळाची व शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था आरंभिली. परंतु त्यांतील मर्म आपल्या भातुकलींतही आहे. बाहुलीस ताप आला, मूल डॉक्टर झालें, बिनसुईची पिचकारी त्यानें तिच्या दंडास लावली आणि "थोडें दुखेल हं, मग थांबेल," असें तेंच तिला समजावूं लागलें, म्हणजे आपणांस काय होणार हें त्यास उमगलें. प्रत्यक्ष टोचतेवेळीं साबणाचे फुगे फुंकावयास दिले, तर श्वास दीर्घ होतो व लक्षही दुसरीकडे जातें.

कोणी म्हणतील, गर्दीच्या दवाखान्यांत डॉक्टरांस इतका वेळ कोठें? परंतु किंचाळणारें मूल धरून ठेवण्यास चार माणसें लागतात, तो वेळ कोणी मोजला आहे काय? खेळानें वेदना नाहींशी होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तथापि वेदना निराळी व भय निराळें. आणि भय बहुतांशीं आपणच निर्माण करतों.

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींस आमची विनंती आहे कीं, घरांतील स्वच्छ चिंध्यांच्या बाहुल्या शिवाव्या व जवळच्या दवाखान्यांत विचारून द्याव्या. आणि धाकट्या भावंडास सुईची धमकी देण्याऐवजीं त्यास खरें तें सांगावें, व मग त्याच्याशीं घटकाभर खेळावें.