खाडा आणि गर्भाशय

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ओस पडतात. मुकादमाची उचल अंगावर घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. पती-पत्नी मिळून एक कोयता, असा या व्यवस्थेचा हिशेब आहे. जोडीतील एकाने जरी काम चुकवले तरी खाडा पडतो, दंड भरावा लागतो. पाळीच्या वेदनांना या हिशेबात रकाना नाही.

२०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जे वास्तव आले, ते या संदर्भात वाचले पाहिजे. बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. हा केवळ वैद्यकीय प्रश्न नव्हे. फडावर ना न्हाणी, ना संडास, ना पुरेसे पाणी. नुकती लग्न होऊन आलेली मुलगी दिवसभर एकच कपडा वापरते, तो कोपीत ओलसरच वाळवते आणि पुन्हा घेते. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाऊ लागते, ओटीपोट दुखते. साध्या औषधाने बरा होणारा विकार अंगावर काढला जातो. अखेरीस एखादा खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो आणि ‘पिशवी’ काढली जाते. त्या खर्चासाठी पुन्हा उचल, आणि उचल फेडण्यासाठी पुन्हा कोयता!

शासन याकडे केवळ स्वच्छतेचा प्रश्न म्हणून पाहते. २०१८ मध्ये राज्यात स्वस्त पॅडची ‘अस्मिता’ योजना आली. त्याच वर्षी पॅडवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. दोन्ही गोष्टी योग्यच होत्या. परंतु जिला पॅड बदलण्यास आडोसा नाही आणि हात धुण्यास पाणी नाही, तिच्यापुढे स्वच्छतेची प्रवचने झोडणे ही क्रूर थट्टा होय. डॉ. राममनोहर लोहियांनी स्त्रियांसाठी शौचालय हा राजकीय प्रश्न म्हणून मांडला होता, तो याच जाणिवेतून.

साखर कारखाने ‘मजूर मुकादमाचे’ म्हणून हात झटकतात. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. कंत्राटदाराने सोयी न पुरविल्यास त्या मूळ मालकाने पुरवाव्यात, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच स्वीकारले होते. कारखाना सहकारी असल्याने ही जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पाळीच्या व आजारपणाच्या दिवसांचा दंड बंद झाला पाहिजे. तळावर न्हाणी, संडास व पाणी कारखान्याने दिले पाहिजे. गळीत हंगामात स्त्री-डॉक्टरसह फिरता दवाखाना फडापर्यंत गेला पाहिजे.

कार्यकर्त्यांचे कामही तितकेच स्पष्ट आहे. पाळी हा विषय आपल्या सभांतूनही आजवर लाजेने टाळला गेला. गावागावांतील मुली फडावर जाण्यापूर्वी त्यांच्याशी साथिनींनी मोकळेपणाने बोलले पाहिजे. कपडा उन्हात का वाळवावा येथपासून, सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घेतल्याविना शस्त्रक्रियेस संमती देऊ नये येथपर्यंत. उचलीच्या दराबरोबर या मागण्याही ज्या दिवशी संघटनेच्या करारात लिहिल्या जातील, त्या दिवशी ऊसतोड कामगारांच्या लढ्यात स्त्रीचा खरा प्रवेश झाला, असे म्हणता येईल.