जमीन पाहून पीक

बारामतीच्या काळ्या रानात ऊस, इंदापूरच्या हलक्या माळावर डाळिंब. जमीन पाहून पीक घ्यावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. लष्करी संगणनातही तेच. रडारवर अखंड येणाऱ्या संकेतांतून वारंवारता वेगळ्या काढायला एफपीजीए (हवी तशी अंतर्गत जोडणी करता येणारी) चिप, चित्रांतून लक्ष्य ओळखण्याच्या हजारो समांतर गुणाकारांना जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर), आणि जर-तरच्या निर्णयांना साधा प्रोसेसर बरा. आपल्याच पुणे जिल्ह्यात, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेनांचे संकेत हाताळण्याचं काम एफपीजीए आणि जीपीयू आपसात वाटून घेतात; काम आकाशाचं, गणित बरंचसं रडारचंच. कामाजोगी चिप निवडणं इथं नवं नाही: 1991 साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं ट्रान्सप्युटर या समांतर कामासाठीच्या चिप जोडून परम 8000 हा महासंगणक उभा केला होता. बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी कोड लिहिताना चिपच्या पोटातही डोकावावं, असं मला कळकळीनं वाटतं. म्हणून लष्करी संगणनावरचा हा अंक.