कार्बन झाडात, पण वैरण कुठं?

पडीक रानात झाडं लावा, ती राखा, कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील, अशी चर्चा आता खेड्यापाड्यांत पोचलीय. शिराळ्याच्या पश्चिम भागात डोंगरउतारावर गवताची रानं आहेत, म्हणजे हा विषय आपल्याही दारात येणार. माझं मत आधीच सांगतो. झाडं राखावीत, पण चरण बंद करून नव्हे.

हिशेब बघा. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. एक टन वाळलं लाकूड म्हणजे हवेतला सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड. एक टनाला एक क्रेडिट. पण हा साठा झाड उभं आहे तोवरच. निलगिरी, सुबाभूळ चार-पाच वर्षांत तोडून कागदाला गेली की त्यातला बराचसा कार्बन लवकरच परत हवेत. म्हणजे पैसे झाड लावण्याचे नाहीत, राखण्याचे आहेत. म्हणून असे करार लांब मुदतीचे असतात. सही आज बापाची, निभावायचं पोरानं. सातबाऱ्यावर चार भाऊ असतील तर चौघांनी बसून कागद वाचावा.

राखणीचा अनुभव काय? २०१९ ला राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं. पुढं २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीला आमदारांची समिती नेमावी लागली. गायरानात दाट रोपं लावून जनावरं अडवली, की म्हैस-शेळीवाल्याला ते झाड वैरी वाटतं. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात चराई बंदच आहे, मग त्यानं जायचं कुठं? उन्हाळ्यात वणवा लागला तर तो विझवायला कशाला धावेल?

आणि गवताचं रान म्हणजे रिकामी जागा नव्हे. गवताचा कार्बन मुळांत, मातीत असतो. वरचं गवत जळलं तरी तो बराचसा टिकतो.

मग करायचं काय? तेहतीस फुटांवर एक झाड, म्हणजे एकरी चाळीसेक. आंबा, जांभूळ, हिरडा, बांधाला शेवरी. मधलं गवत कापायला मोकळं. पावसाळा संपला की जाळरेषा काढायची. गायरान असेल तर गवत कुणाचं, क्रेडिटचे पैसे कुणाला आणि झाड मेलं तर भरपाई कुणी द्यायची, हे ग्रामसभेच्या ठरावात आधी लिहायचं. रोपांचा ट्रक त्यानंतर.

तुमच्या गावात असा प्रस्ताव आला असेल तर कमेंटमध्ये सांगा. करारातल्या अटींवर उघड बोलूया.