घरपट्टीचे देयक आणि घरधनी

नव्या घराची वास्तुशांत यथासांग पार पडते, आप्तेष्टांच्या पंगती उठतात आणि यथावकाश महापालिकेचे देयक दारात येते. बँकेच्या हप्त्यांचा पै-पैचा हिशेब ठेवणारा सुशिक्षित गृहस्थ या कागदावरचा शेवटचा आकडा तेवढा पाहतो. मुद्रांक शुल्क भरले, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, म्हणजे घर सर्वार्थाने आपले झाले अशी त्याची समजूत असते. ती अपुरी आहे.

मालमत्ता कराचा बोजा कायद्याने वास्तूवरच असतो. आधीच्या मालकाची थकबाकी त्यामुळे घराबरोबर चालत येते. हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत महापालिकेला द्यावी, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम सांगतो. ती न दिल्यास देयक जुन्याच नावाने निघत राहते आणि मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. वर्षाला चोवीस टक्के! गृहकर्ज देणारी बँकही इतकी निष्ठुर नसते.

कर ठरतो कसा, हेही शहरागणिक वेगळे. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे शासनाच्या बाजारमूल्य तक्त्याशी जोडलेली आकारणी सुरू झाली. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना करमाफी मिळाली. पुण्यात अजूनही घराला मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावरून करयोग्य मूल्य काढतात. देयकातील सर्वच रक्कम महापालिकेची नसते, हे तर अनेक जुन्या करदात्यांनाही ठाऊक नसते. सर्वसाधारण कर, पाणी आणि मलनिःसारणाचे कर तिचे. शिक्षण कर मात्र ती राज्य शासनासाठी गोळा करते.

पुण्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. स्वतः राहणाऱ्या घरमालकास करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत देण्याची तेथील प्रथा १९७० पासूनची. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना ती मिळेनाशी झाली. एकाच रस्त्यावरील जुन्या घराला सवलत, नव्या घराला नाही! आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या तरुण कुटुंबांनाच हा भुर्दंड पडला. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा २०२३ मध्ये शासनाने सवलत पुन्हा लागू केली; पण ज्यांची गेली होती त्यांनी ‘पीटी-३’ हा अर्ज पुराव्यांसह भरून द्यावा, अशी अट राहिली. काढून घेताना कुणाला अर्ज मागितला नव्हता. घरधनी त्या घरात राहतो हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर का, याचे समाधानकारक उत्तर प्रशासनाने दिलेले नाही.

कर चुकवावा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही सरला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईचीही जकात थांबली. आता शासकीय अनुदानाबाहेर नगराचे स्वतःचे म्हणावे असे जे थोडे उत्पन्न उरले, त्यात हा कर प्रमुख आहे. परंतु कर मागणाऱ्याने हिशेब देणेही आले. मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासकांच्या सहीने अंदाजपत्रके मंजूर होत गेली. त्या काळात नागरिकाने कर भरला, पण त्याच्या वतीने सभागृहात प्रश्न विचारणारे कुणी नव्हते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दिलेल्या स्थानिक स्वराज्याची ही विटंबनाच होय.

नव्या घरधन्याच्या हाती एक संधी मात्र असते. पहिल्या आकारणीची नोटीस येते तेव्हा क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचा प्रकार ताडून पाहता येतो, चूक असल्यास दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. ही वेळ टळली की उरते न्यायालयातील अपील, आणि तेथे दाद मागण्याआधी वादातील रक्कमच भरावी लागते.