जड पाणी, हलकं पाणी

सदर : घरची शाळा

म्युनिकमध्ये नवा संसार मांडलेल्या मराठी घरात पहिल्या महिन्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. चहावर तवंग येतो, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी मनासारखी घोटली जात नाही. बिचाऱ्या डाळीला नावं ठेवली जातात, कुकरचं रबर बदललं जातं. खरं कारण नळात असतं. या वेळी मुलांचा तास त्या नळाच्या पाण्यावरच घेऊ या.

इथल्या तिसरी-चौथीत मुलं जलचक्र शिकतात, पण रसायनशास्त्र हा स्वतंत्र विषय गिम्नाझियममध्ये आठवी-नववीला येतो. मधल्या वर्षांत हे काम स्वयंपाकघरात होऊ शकतं. मंडळाच्या मराठी वर्गात आम्ही पुढचे तिन्ही प्रयोग मुलांकडूनच करून घेतले. मोठ्यांनी फक्त गरम भांडी आणि धुण्याचा सोडा हाताळायचा. प्रयोगातलं पाणी कोणीही प्यायचं नाही, हा नियम आधीच सांगून टाकावा.

पहिला प्रयोग साबणाचा. ड्रोगेरीच्या दुकानात केर्नझाइफे नावाचा साधा साबण मिळतो आणि इस्त्रीसाठीचं ऊर्ध्वपातित पाणीही मिळतं. साबणाचा थोडा कीस त्या पाण्यात गरम करून विरघळवा. मग चार सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत दोन्ही निम्मं निम्मं आणि चौथीत दहा मिनिटं उकळून, गार करून, कॉफीच्या कागदातून गाळलेलं नळाचं पाणी. चारही बाटल्यांत पाणी मोजून सारखंच हवं. आता ड्रॉपरनं साबणाचे थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि मिनिटभर टिकणारा फेस किती थेंबांनंतर येतो ते वहीत लिहायचं.

पहिल्या बाटलीत लगेच फेस येतो. नळाच्या पाण्यात आधी दह्यासारख्या कवड्या तरंगतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून ठेवतं, आणि ते संपल्यावरच उरलेला साबण फेस करतो. निम्म्या मिश्रणाला थेंब साधारण निम्मेच लागतात. हे मुलांनी आधी ओळखून सांगितलं तर त्यांना मोजण्याचं मर्म कळलं असं समजावं. उकळलेल्या पाण्याला नळाच्या पाण्यापेक्षा कमी थेंब लागतात, कारण चुन्याचा काही भाग किटलीतच बसला. नळाच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घातला, तर पाणी गढूळतं आणि मग फेस धरतं. कपड्यांना सोडा घालणाऱ्या आपल्या आज्या हेच करत होत्या.

जर्मनीत पाण्याचा जडपणा अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. १४ अंशांच्या वर ‘जड’, आणि म्युनिकचं पाणी सोळाच्या आसपास. चुनखडीच्या हिशेबात हे लिटरला पाव ग्रॅमहून थोडं जास्त होतं. हे पाणी प्रामुख्यानं मांगफाल खोऱ्यातून, आणि त्याखेरीज लोईझाख खोऱ्यातून येतं. आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीच्या खड्यांतून झिरपत येताना ते चुना घेऊन येतं. हा चुना तब्येतीला बाधत नाही, फक्त चहाला आणि डाळीला बाधतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी मिळतं, म्हणून ते हलकं. मराठवाड्यात बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड, आणि तिथल्या बायकांना डाळ न शिजण्याचं दुखणं म्युनिकला न येताच माहीत आहे.

दुसरा प्रयोग रंगाचा. जांभळी कोबी चिरून उकळा आणि ते पाणी गाळून घ्या. पांढऱ्या वाट्यांत ते थोडं थोडं ओतून एकीत व्हिनेगर, दुसरीत खाण्याचा सोडा, तिसरीत साबणाचं पाणी घाला. आम्लात लाल, अल्कलीत निळा-हिरवा रंग येतो. या कोबीला उत्तरेत ‘रोटकोल’ म्हणजे लाल कोबी म्हणतात आणि आपल्या बव्हेरियात ‘ब्लाउक्राउट’ म्हणजे निळी. शिजवताना आंबट किती पडतं त्यावर रंग फिरतो! हळदीचंही तसंच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे प्रत्येक आईला माहीत आहे, आणि हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात ते याच गुणावर.

तिसरा प्रयोग गाळण्याचा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. गढूळ पाण्यात चमचाभर मीठ घाला. तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्या, मग वरचं पाणी वाळू-खड्यांच्या थरांतून आणि कागदातून गाळा. पाणी चक्क काचेसारखं दिसतं. आता त्याचे दोन थेंब काळ्या बशीवर वाळवा. मीठ पांढरं होऊन समोर येतं. गाळ गेला, मीठ राहिलं. जंतू तर वाळवूनही दिसत नाहीत. नितळ पाणी आणि पिण्याजोगं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मूल इथे डोळ्यांनी बघतं.

याचा आपल्या घरांशी जवळचा संबंध आहे. सुटीत आजोळी गेलेलं मूल आजीनं पुढे केलेला पेला सारून ‘इंडियाचं पाणी घाण असतं’ म्हणतं, तेव्हा आजी काही बोलत नाही, पण तिला लागतं. पाहुण्या मुलांना उकळलेलं पाणी देण्यात काहीच चूक नाही. कारण मात्र नीट सांगावं, आणि त्यासोबत म्युनिकची गोष्टही सांगावी.

१८५४ साली या शहरात कॉलरा पसरला. हजारो माणसं गेली. जिच्या नावानं ऑक्टोबरफेस्टचं मैदान ओळखलं जातं ती तेरेझे राणीही त्यातच गेली. माक्स फोन पेटेनकोफर या रसायनशास्त्रज्ञानं नंतर सांडपाण्याच्या नळांचा आणि स्वच्छ पाण्याचा पाठपुरावा केला, आणि १८८३ मध्ये मांगफालचं पाणी शहरात आलं. गंमत अशी, की जंतूच कॉलऱ्याला पुरेसे असतात हे त्याला कधीच पटलं नाही. १८९२ मध्ये, ७३व्या वर्षी, तो कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी प्यायला आणि बचावला. एका माणसाचा एक पेला म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तर आपण चार बाटल्या ठेवतो आणि प्रयोग पुन्हा करतो.

म्हणजे म्युनिकचं पाणी जन्मतः शुद्ध नव्हतं. पैसा, नळ, कायदे आणि दीडशे वर्षांची राखण यांतून ते तसं झालं. १९९२ पासून मांगफालच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी सेंद्रिय शेती करावी म्हणून शहर त्यांना पैसे देतं.

येत्या सुटीत साबण आणि ड्रॉपर सामानात टाका. ऊर्ध्वपातित पाणी तिकडे ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं. आजीच्या नळाचे थेंब आजीसमोर मोजा आणि गावाच्या नावासह आकडे आम्हाला कळवा. दिवाळीच्या अंकात तक्ता छापू. कोणाच्या आजोळचं पाणी म्युनिकहून हलकं ठरतं ते बघू या.